अकरा मानकऱ्यांचे पाणी

पद्माकर सबनीस यांनी चौतीस वर्षे दिल्लीच्या एका सरकारी कार्यालयात नद्या सरासरीत बसवल्या. महिन्यातले अठ्ठावीस दिवस पात्र कोरडे आणि दोन दिवस पूर असला, तरी कागदावरची नदी महिनाभर शांतपणे वाहत असे. या कौशल्याबद्दल निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली. करोल बागेतल्या घरी ती त्यांनी ट्रंकेच्या तळाशी घातली, ती स्वतः पुन्हा कधी पांघरली नाही. आपण काय केले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अठ्ठ्याण्णव साली एका सल्लागार कंपनीने त्यांना कंत्राटावर बोलावले. गुडगावच्या मोहरीच्या शेतांत नुकत्याच उगवलेल्या काचेच्या इमारतीत तिचे कार्यालय होते. पाणी टँकरने येई, वीज जनरेटरची. ज्यांना हात धुण्यापुरतेही स्वतःचे पाणी नव्हते, ती माणसे तिथे बसून नदीच्या वाट्याचे पाणी ठरवीत.

यमुनेच्या एका डोंगराळ उपनदीवर धरण होते. त्याच्याखालच्या गोट्यांच्या उथळ पात्रात महसीर मासा अंडी घालीत असे; धरणाने ऐन पावसाळ्यातही पात्र सुकवल्यापासून तो संपत चालला होता. त्या वर्षी प्रथमच त्याच्यासाठी थोडे पाणी राखून ठेवले होते. ते कसे सोडायचे, याचा तक्ता सबनीसांनी करायचा होता.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तक्ता खरा केला. पहिल्या दिवशी पाणी सोडायचे. मासा वर येतो, अंडी घालतो. अंडी फुटेपर्यंत, पहिला दिवस धरून, चार दिवस पातळी हलू द्यायची नाही. पुढे पिल्लांना पोहता येईपर्यंत आठवडाभर रोज चारच बोटे उतरवायची. एकदम आखडले, की गोटे उघडे पडून सगळी पिढी वाळून जाणार.

प्रकल्पप्रमुख उल्हास पुण्याहून आला होता. वय बत्तीस, गळ्यात टाय. मोबाइल तो टेबलावर नैवेद्यासारखा मांडून बसे. तक्ता त्याने एका नजरेत संपवला.

"काका, फार स्लो आहे यार हे. उद्घाटनाला अकरा व्हीआयपी येतायत. सगळं पाणी एकदम सोडू. पुलाखालून लोंढा गेला पाहिजे! तीन तासांनी बंद, चलो, जेवायला मोकळे."

"आणि अंडी?"

"महिन्याचं ॲव्हरेज तेच येतं ना? बिल्कुल सेम!"

सबनीसांनी त्याच्याकडे पाहिले. स्वतःचीच उष्टी पत्रावळ कोणीतरी चांदीच्या ताटात घालून पुढे केल्यासारखे त्यांना झाले.

"उल्हासराव, सरासरीत मासा जगत नाही."

"रिपोर्टमध्ये जगतो, काका."

घरी साधनाबाई गणपतीच्या वर्गणीच्या याद्या घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "आज कुठलं पानिपत?" सबनीसांनी सांगितले. साधनाबाईंनी ऐकून घेतले आणि दुसराच कागद पुढे सरकवला. "अण्णासाहेबांचा फोन होता. मंडळाचा अध्यक्ष म्हणून पहिली आरती त्यांनाच हवी. मंडळाचे उरलेले दहा मानकरीही तेच म्हणतायत. करा तुमच्या पाळ्या."

वीस वर्षे आरतीच्या पाळ्या सबनीसच लावीत. प्रत्येकाला स्वतंत्र दिवस, स्वतंत्र नारळ, स्वतंत्र फोटो दिला, की भांडण मिटे. देव तोच आहे, याची कोणालाच पर्वा नसे. पेन्सिल हातातच राहिली. तिकडे धरणावरही मानकरी अकरा होते, आणि त्यांच्या तक्त्यातले दिवसही अकराच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "उल्हासराव, पाणी सोडायचं बटण एक आणि पाहुणे अकरा. ज्यांचा हात लागणार नाही ते दहा जण तुमच्या कंपनीला काय म्हणतील?"

उल्हासचा चहा थांबला. खुर्च्यांच्या क्रमावरून त्याला सकाळपासून तीन फोन आले होते. "मग काय करायचं?"

"रोज एक पाहुणा. रोज मंडप, रोज बटण, रोज फोटो. लोंढा मात्र दिसणार नाही."

"अहो, फोटोत पाणी कोण बघतो!" उल्हास उठून उभा राहिला. "काका, जीनियस आहात!"

ज्यांनी माशासाठी एक दिवस जादा दिला नव्हता, त्यांनी बटणासाठी अकरा दिले. डोंगरात गारठा असतो म्हणून साधनाबाईंनी ट्रंकेतली शाल बळेच बरोबर दिली. पहिल्या पाहुण्याने पाणी सोडले. पुढच्या तिघांच्या बटणाने धरणाच्या दरवाजाच्या खोलीत फक्त घंटी वाजली. पाचव्यापासून घंटी वाजली, की दरवाजा थोडा खाली येई आणि पाणी चार बोटे उतरे. बटण दाबल्यावर काय होते, हे विचारायला कोणी थांबले नाही. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते. आठव्याने तेवढे, हार काढता काढता, विचारले, "कुछ फर्क पडा?"

"पडा, सर," सबनीस म्हणाले.

नवव्या दिवशीचा पाहुणा आलाच नाही. उल्हासचा फोन आला, "काका, उरलेले दोघं दुसरीकडे बिझी आहेत. आता पाणी बंदच करून टाका. ॲव्हरेज झालंय."

तीन दिवसांचे काम उरले होते. पिल्ले अजून गोट्यांच्या फटींत होती.

"नववे पाहुणे आलेत," सबनीस म्हणाले. "दहावे, अकरावेही आपापल्या दिवशी येतो म्हणून इकडे निरोप आलाय. पाणी बंद करून मंडप मोडू का?"

"नको, नको! फोटो घ्या!"

वीस वर्षे रोज सकाळी पाण्याची पातळी टिपणारा किशनलाल कोपऱ्यात उभा होता. सबनीसांनी ट्रंकेतली ती शाल त्याच्या खांद्यावर घातली, हार घातला आणि त्याचा हात बटणावर ठेवला.

"साबजी, मैं?"

"पाणी चार बोटं उतरलेलं ओळखणारा इथे दुसरा आहे कोण?" बोलण्याच्या भरात सबनीस मराठीतच बोलून गेले. किशनलालने बटण दाबले. दहाव्या दिवशी जेवण रांधणारा आचारी मानकरी झाला, अकराव्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर. शाल तीच होती.

बाराव्या दिवशी किशनलालने त्यांना पात्रात नेले. "देखिए साबजी. कंकडों के बीच आँखें ही आँखें हैं." सबनीस गुडघे टेकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

कंपनीच्या जाड अहवालात शेवटी अकरा मानकऱ्यांची अकरा रंगीत छायाचित्रे छापली गेली. शेवटचे तिघे कोण, हे आजवर कोणी विचारलेले नाही.