बारा नंबरचा राखीव खेळाडू

जपानमधल्या एका बर्फाळ शहराच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मी मराठीत आणला. तोपर्यंत मी फुटबॉलचा एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

शतक बदलून दोन-तीन वर्षं झाली होती. पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, मी मात्र जपानी शिकले होते. नारायण पेठेतल्या आमच्या घरी सासरे म्हणायचे, "जर्मन शिकली असतीस, तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं." पण पुण्याभोवती जपानी कारखाने येऊ लागले, आयटी कंपन्यांना तिकडची कामं मिळू लागली आणि ज्याला ही भाषा येते त्याला दोन दारं उघडली. मी कारखान्याच्या दाराने आत गेले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. भाषांतराच्या खोलीत आम्ही तिघी, तिघीही सहा-सहा महिन्यांच्या करारावर. वयाने मोठी म्हणून कामाचं वेळापत्रक माझ्याकडे. कोणी सांगितलं नसतं तरी मी ते घेतलंच असतं.

कारखान्याचे प्रमुख जपानी गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांना कामगारांचा फुटबॉल संघ काढायचा होता. पहिला सामना खडकीच्या मैदानावर ठरला होता, आणि त्या दिवशी प्रत्येक कामगाराच्या हातात चोवीस पानांची पुस्तिका द्यायची होती: त्यांच्या गावच्या क्लबचा इतिहास. हा क्लब मूळ कंपनीच्याच कारखान्यामागच्या मैदानावर, पाळी संपल्यावर खेळणाऱ्या कामगारांतून जन्मला होता.

त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जपानीत, नेहमीप्रमाणे तीन वाक्यांत विषय संपवला. "मुख्यालय म्हणतंय, सगळं भाषांतर मुंबईच्या एजन्सीला द्या. मी थांबायला सांगितलंय. ही पुस्तिका बिनचूक झाली, तर काम आणि तुम्ही तिघी इथेच."

मी वहीत तीन रकाने आखले आणि कामाला लागले.

इतिहास वाचायला साधा होता. कामगारांचा संघ वाढत वाढत व्यावसायिक साखळीत पोचला. मग मंदी आली, कंपनीने हात आखडता घेतला आणि क्लब बंद पडायची वेळ आली. तेव्हा शहरातल्या लोकांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि क्लब शहराचा करून घेतला. हिवाळ्यात सामन्याच्या सकाळी लोक फावडी घेऊन यायचे आणि बसायच्या जागेवरचा बर्फ उपसायचे. एका वर्षी संघ खालच्या साखळीत घसरला. दोन वर्षांनी परत वर आला. दर हंगामाच्या शेवटी खेळाडूंची यादी होती, अंगावरच्या क्रमांकासह.

गोची त्या यादीत होती. क्लब व्यावसायिक झाल्यापासून प्रत्येक वर्षी अकरानंतर नाव थेट तेराचं. बारा नंबरपुढे रिकामी चौकट. मजकुरात मात्र 'बारावा खेळाडू' वरचेवर यायचा. मला रिकामी चौकट सहन होत नाही. शिवाय मी क्रिकेटवर वाढलेली बाई. बारावा म्हणजे पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन मैदानात धावणारा, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी शब्दसूचीत लिहिलं: बारावा खेळाडू = राखीव खेळाडू. आणि सगळ्या याद्यांत चौकट भरून टाकली: '१२ – राखीव'.

आमच्यातली धाकटी म्हणाली, "ताई, साहेबांना एकदा विचारूया का?"

"प्रत्येक शब्द विचारायला जायचं, तर मुंबईची एजन्सी काय वाईट?" मी म्हटलं. तिला गप्प बसवल्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

गुरुवारी छापून प्रती आल्या. सामना रविवारी. आपल्या विभागाचा गठ्ठा न्यायला खडकीचे एक सुपरवायझर आले. त्यांचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते आणि तिथल्या संघातून खेळायचे; हे स्वतः वसाहतीच्या मैदानावरच वाढलेले. उभ्या उभ्या त्यांनी पानं चाळली आणि मग खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, हा राखीव खेळाडू फार गुणी दिसतो."

"का हो?"

"इतकी वर्षं संघात आहे, पण एकदाही मैदानात उतरलेला नाही. नाव नाही, गाव नाही. आणि हे बघा, एकोणिसाव्या पानावर संघ हरला, खालच्या साखळीत गेला, आणि 'शेवटची शिट्टी झाली तरी राखीव खेळाडू जागेवरून हलला नाही.' झोपला होता का?"

"बाराव्याला राखीवच म्हणतात ना?"

"क्रिकेटमध्ये. फुटबॉलमध्ये अकरा आत, आणि बारावा म्हणजे बाहेर ओरडणारं अख्खं पब्लिक. पुष्कळ क्लब तो नंबर कोणाला देतच नाहीत. तो लोकांचा." मग उठता उठता म्हणाले, "छापायच्या आधी दाखवलं असतं तर सांगितलं असतं. आम्ही काय, याच आवारात असतो."

ते गेल्यावर मी मूळ जपानी पान काढलं. त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाला बसत होतं. संघ हरला होता, आणि लोक जागेवरून हलले नव्हते.

धाकटी म्हणाली, "ताई, साहेबांना मराठी येत नाही. कामगार एवढं बारकाईने वाचणार नाहीत. करार आपल्या तिघींचा आहे."

तिचं खोटं नव्हतं. मी अर्धा तास टेबलाशी बसून तोच हिशेब केला. एका बाजूला आम्ही तिघी होतो, दुसऱ्या बाजूला कोणीच तक्रार न करणारी एक चूक. पण एकोणिसावं पान डोळ्यांपुढून हलेना. त्या पानावर त्या शहराने जे कमावलं होतं, ते मी एका बाकावरच्या माणसाच्या नावावर लिहून टाकलं होतं. मी उठले.

साहेबांपुढे चूक सांगितली, कारण सांगितलं, दोषही माझा एकटीचा असल्याचं सांगितलं.

त्यांनी पुस्तिका हातात घेतली. त्यातलं एकही अक्षर त्यांना लागत नव्हतं. मग विचारलं, "मराठी वाचणाऱ्याला तिथे कोण दिसेल?"

"पाण्याची बाटली घेऊन बसलेला माणूस."

"माझे वडील तिथे उभे असायचे," ते म्हणाले. "त्यांच्या हातात पाणी नसायचं. फावडं असायचं."

त्यांनी पुस्तिका मिटून माझ्यापुढे सरकवली.

"उपाय?"

"शुद्धिपत्र. उद्या छापून घेते. शनिवारी प्रत्येक प्रतीत चिकटवते. नुसतं आत ठेवलं तर गळून पडतं."

"ठीक."

"आणि मुंबईचं?"

"ते सोमवारी."

शुद्धिपत्र लिहायला घेतलं, तर नवाच पेच. राखीव तर खोडला, पण त्या जागी काय? नुसतं 'बारावा' लिहिलं, तर सुपरवायझर म्हणाले, "नको मॅडम, तेराव्याच्या आदल्या दिवसासारखं वाटतं." या वेळी मी स्वतः त्यांच्या विभागात गेले होते, कागद घेऊन. मी 'प्रेक्षक' सुचवला.

"प्रेक्षक नाटकाला जातो. नाटक पडलं तर उठून जातो. हे लोक फावडं घेऊन येतात म्हणता ना तुम्ही?"

यंत्राच्या आवाजात आम्ही दोघं उभे होतो. त्यांचा शब्द होता 'सपोर्टर', माझा आग्रह मराठीचा. शेवटी तोंडातून आला तो शब्द लहानपणापासून ऐकलेला होता: पाठीराखे. पाठ राखणारे. त्यांनी मान डोलावली. "हं. आता कसं!"

आमच्या गल्लीतल्या छापखानेवाल्या काकांनी मजकूर वाचला. "चोवीस पानी पुस्तक आणि त्याला एवढं थोरलं शुद्धिपत्र? त्यापेक्षा शुद्धिपत्रच वाटा, पुस्तक मागून देता येईल." पण शुक्रवारी संध्याकाळी गठ्ठा तयार ठेवला. शनिवारी कॅन्टीनच्या लांब टेबलांवर आम्ही तिघी, सुपरवायझर आणि त्यांच्या पाळीतले चार जण खळीचे डबे घेऊन बसलो. जेवणाच्या सुट्टीच्या आधी सगळ्या प्रती झाल्या. कामगार काय वाचतात, काय वाचत नाहीत, याबद्दलचा आमचा अंदाज साफ चुकला. चौघांतला एक नागपूरकडचा होता. त्याने चिकटवता चिकटवता सगळी पुस्तिका वाचून काढली आणि मला विचारलं, "मॅडम, खालच्या साखळीत गेल्यावर पण लोक येतच होते का जी?"

"येत होते."

"मंग बरं हाय."

रविवारी आमचा संघ तीन गोलांनी हरला. ते अपेक्षितच होतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर सहा महिन्यांचे नाही, वर्षाचे तीन करार होते. मी धन्यवाद म्हणायच्या आत त्यांनी अट सांगितली. "यापुढे प्रत्येक भाषांतर छापायच्या आधी ते काम करणाऱ्या माणसाने वाचायचं. भाषा येणाऱ्याने नाही, काम येणाऱ्याने." आणि सुटे भाग घासण्याच्या विभागाची सुरक्षा-पुस्तिका पुढे सरकवली.

खोलीत जाऊन मी पहिला करार धाकटीपुढे ठेवला. "त्या दिवशी तू विचारूया म्हणालीस, ते बरोबर होतं," एवढं बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी न बसता तिला बरोबर घेऊन थेट त्या विभागात गेले. धातू कापल्यावर कडेला जे धारदार काटे राहतात, त्यांच्यासाठी कोशातून शोधून मी 'धातूची कुसळे' असं लिहून आणलं होतं. घासायच्या यंत्रावरच्या माणसाला तो कागद दाखवला.

त्याने वाचलं, गॉगल कपाळावर सरकवला आणि अगदी अदबीने विचारलं, "हे काय, गवत आहे का मॅडम?"

"तुम्ही काय म्हणता याला?"

"बर. बर काढायचा, मग माल पुढे."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल काढली, कुसळे खोडली आणि पुढचा शब्द विचारला.