आठ दिवसांच्या खिरी

माझ्या नवऱ्याचे रेडिएशनचे शेक संपले तेव्हा त्याच्या तोंडात जेमतेम एक बोट शिरत होतं. गालाच्या आतून कॅन्सर झाला होता, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं. आधी ऑपरेशन, मग सहा आठवडे शेक. अकोल्याहून रिसोडला घरी निघायच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, आठ दिवसांत वजन उतरायचं थांबलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, तिच्यातूनच पोटात अन्न द्यायचं. नवरा मान हलवत राहिला. त्याच्या वडिलांना शेवटी अशी नळी होती. ती लागली की माणूस उठत नाही, हे त्याच्या मनानं कधीच ठरवून टाकलं होतं. गाडीत बसल्यावर तो अडखळत, पण स्वच्छ बोलला, "नळी टाकली त मी उपटून फेकीन."

म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते.

हा माणूस खाण्यावर जीव टाकणारा. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवायचा, पण दुपारी शटर ओढून घरी यायचा, का तर भाकर तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. विहारात पौर्णिमेची खीर वाढायला हाच पुढे. पातोडीच्या रश्श्यात खोबरं कमी भाजलंय हे त्याला वासावरून कळायचं. माझ्या हाताला जी काही चव आहे ती त्याच्या जिभेनं घडवलेली आहे.

त्या चवीच्या जोरावर मी एका गटात होते. वाशीमला आम्हा शिक्षिकांचं एक प्रशिक्षण होतं. तिथं दुपारी डबे उघडले आणि एकीच्या डब्यातली अंबाडीची भाजी सगळ्यांनी बोटं चाटून संपवली. त्या दिवशी मोबाईलवर तो गट निघाला. पुढे त्यात कुणाच्या बहिणी, कुणाच्या शेजारणी आल्या. नियम एकच होता: आज स्वतःच्या चुलीवर शिजलं तेच टाकायचं, फोटो आणि कृतीसकट. तुरीच्या सोल्यांच्या, ओल्या दाण्यांच्या, आमटीसाठी माझं नाव निघायचं.

नवऱ्याच्या आजाराचं मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी वाटायचं. अकोल्याला दवाखान्याच्या बाकावर बसून मी जुने फोटो टाकायची. मागल्या हिवाळ्यातली सोल्यांची आमटी, कधीचे तरी भरड्याचे वडे. खाली बाया लिहायच्या, तोंडाला पाणी सुटलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायची, आणि आत माझ्या माणसाच्या तोंडाला पाणीच उरलेलं नसायचं. शेकानं लाळ सुकवून टाकली होती.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस मी मला येत होतं ते सगळं केलं. मुगाचं कढण, भाताची पेज, ताकातल्या ज्वारीच्या कण्या घोटून गाळून. तो दोन चमचे घ्यायचा आणि डोळे घट्ट मिटायचा. घशात सगळीकडे फोड होते. तिसऱ्या दिवशी त्यानं वाटी सरकवली आणि म्हणाला, "मातीच खाऊन राह्यलो मी." घरच्या काट्यावर वजन आणखी उतरलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी गटावर खरं ते लिहिलं. आधीचे फोटो जुने होते हेही लिहिलं. तोंड उघडत नाही, तिखट-मीठ चालत नाही, चव कळत नाही, वजन उतरतंय, डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणतात आणि यांना ती नको, पोटात जाईल असं काहीही सांगा, मी करीन. मला वाटलं, खोटेपणाचा राग येईल. मग एकदम धारच लागली. दुधीची खीर, शिंगाड्याची खीर, साबुदाण्याची, रव्याची, खजूर वाटून दुधातली. एकीनं तिच्या आईची बाळंतिणीची खीर लिहून पाठवली. मी शाळेतून रजा घेतलेलीच होती. चार बर्नरांची शेगडी दिवसभर पेटलेली असायची. दोन दिवसांत सात खिरी केल्या. त्यानं प्रत्येकीला हात जोडले आणि एकही संपवली नाही. शेवटची त्यानं घेतली ती माझ्याकडे बघून, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि लगेच ओकला. मी फरशी पुसत होते आणि डोक्यात आठवी खीर शोधत होते.

त्याच दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. किन्हीराजाची एक बाई होती, भाजीपाला पिकवणारी, माझ्याहून बरीच मोठी. भाचीच्या ओळखीनं गटात आलेली. दोन वर्षांत तिनं स्वतःहून काही टाकल्याचं मला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मले खीर नाई सांगाची. त्याईले नळी टाकू द्या."

मी म्हटलं, ते ऐकत नाहीत, त्यांचे वडील नळी लागल्यावरच गेले.

"आमच्या घरच्यायनं बी नाई आयकलं. मी रोज खिरी करत राह्यली. थे बिमारीनं नाई गेले, भुकेनं गेले."

मी ओट्याला टेकून बसले. पलीकडून ती एवढंच बोलली, की उद्या पहिल्या गाडीनं येते.

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवीत मेथी आणि कोवळी वांगी होती, माझ्यासाठी. पाणी पिऊन ती थेट नवऱ्याच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसली. मी दारात उभी होते. तिनं स्वतःच्या नवऱ्याचं कसं झालं ते सगळं त्याला सांगितलं, काही न लपवता. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, शेवटी काय खावंसं वाटत होतं त्यांना?

"मिरचीची भाजी अन् भाकर," ती म्हणाली. "मी नाई देली, झोंबन म्हून. पन थे देऊन बी वाचले नसते, भाऊ. नळीनं वाचले असते. तुमच्या बापाची येळ झाली होती म्हून थे गेले. तुमची नाई झाली."

तो रडत होता हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, वांगी चिरली, फोडणी दिली आणि मला खाली बसवून जेवायला लावलं. किती दिवसांनी मी ताट घेऊन बसले होते, मला सांगता येणार नाही. वास घरभर गेला होता. मला लाज वाटत होती. आतून नवऱ्यानं हाक मारली आणि म्हणाला, "जेव तू. उद्या जाऊ अकोल्याले."

नळी घातली. ती घालताना तो माझं मनगट धरून होता, त्याचे वळ दोन दिवस राहिले. मग दर दोन तासांनी दूध, अंडं, वरणाचं पाणी, वाटलेले शेंगदाणे, सगळं मिक्सरमधून काढून, कापडातून गाळून, कोमट करून मी मोठ्या सिरिंजनं त्याच्या नाकातून पोटात सोडायची. चव नाही, वास नाही. तो छताकडे बघत पडायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं दोनदा नळीला हात घातला, दोन्हीदा मी हात धरला, आणि दुसऱ्यांदा मी त्याच्यावर ओरडले, जन्मात ओरडले नव्हते तशी. दुसऱ्या आठवड्यात वजन थांबलं.

ते मिश्रण मी प्रमाणासकट गटावर टाकलं. खाली कुणी चवीचं काही लिहिलं नाही.

नळी दोन महिन्यांनी निघाली. आता तो मऊ वरण-भात खातो, पाण्याच्या घोटाबरोबर. तोंड दोन बोटं उघडतं, त्यापुढे नाही. दुकान पुन्हा उघडलंय, अर्धा दिवस. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. आदल्या दिवशी माझ्या हातून स्वयंपाक होत नाही, मीठ दोनदा पडतं नाहीतर पडतच नाही. त्याला ते कळत नाही, त्याची चव अजून आलेली नाही. पुढली तपासणी सोमवारी आहे.