न झालेली बैठक

सिंगापुरात क्लेमेंटी भागात मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होतो त्या मावशी मूळच्या पुण्याच्या. तीस वर्षं तिथेच कंपनी सेक्रेटरी होत्या. संचालकांच्या बैठका बोलवायच्या आणि त्यांची इतिवृत्तं, म्हणजे मिनिट्स, लिहायची, हे काम. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मी पीएचडी करत होतो. विषय पॉलिटब्यूरो, म्हणजे क्रांतीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत रशियात पक्ष आणि देश दोन्ही चालवणारी मूठभर माणसांची समिती.

मी स्वभावाने हेकट. त्यातून शिष्यवृत्ती आणि स्टुडंट पास दोन्ही डिसेंबरअखेर संपणार होते. प्रबंध त्याआधी गेला नाही तर गाशा गुंडाळायचा. मुख्य प्रकरण मावशींना वाचायला दिलं ते फक्त स्पेलिंगच्या चुका काढायला. त्या प्रकरणावर मी भारी खूश होतो. एका दिवसाच्या इतिवृत्तावरून अख्खी बैठक उभी केली होती: आधी धान्याचा वाद, मग सैन्याचा, मग रेल्वेचा, आणि असे कितीतरी.

मावशींनी शेवटचं पान खाली ठेवलं. "अरे, ही मीटिंग चालली किती वेळ?"

"लिहिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत चालली असेल."

"एवढे आयटम? शक्यच नाही. यातले बरेचसे आधीच उरकलेले असणार. आमचे डायरेक्टर कधी हाँगकाँगला, कधी जकार्ताला. मग मी एकेकाला फोन करून हो-नाही विचारायचे आणि पुढच्या मीटिंगच्या मिनिट्सना जोडून टाकायचे. वाचणाऱ्याला वाटावं, सगळे टेबलाशी बसून भांडले."

"मावशी, ते क्रांतिकारक होते. तुमचे डायरेक्टर नव्हेत."

"असतील. पण मिनिट्स माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिली ना?"

मी फणकाऱ्याने खोलीत गेलो आणि मूळ कागदांच्या प्रती काढल्या, त्यांना खोटं पाडायलाच. कितीतरी निर्णयांपुढे बारीक अक्षरात शेरा होता: फोनवर मतं घेऊन. तो शेरा मी वर्षभर पाहत होतो आणि कारकुनी म्हणून सोडून देत होतो. मी रंगवलेली बैठक झालीच नव्हती. कागद उचलून मी तसाच मावशींकडे गेलो.

पुढचे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले होते. कुठला निर्णय समोरासमोर झाला आणि कुठला फोनवर, हे मी रशियन वाचून सांगेन तसं मावशी पेन्सिलने खुणा करून ठरवत गेल्या आणि मी नव्याने लिहीत गेलो. आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवायचो. "तुला सांगितलं होतं ना" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. प्रबंध वेळेत गेला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उचलून धरलं. हे तुमच्या लक्षात कसं आलं, असं त्यांनी विचारलं. मूळ कागद पुन्हा वाचताना, असं मी सांगितलं. घरी येऊन मावशींना प्रश्नही सांगितला आणि माझं उत्तरही. मान वर करवत नव्हती.

"पास झालास ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी पान वाढलं.

प्रबंधाच्या आभारांत त्या आहेत, पण खोली आणि जेवणापुरत्या. परीक्षकांना तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज इथे देतो: माझ्या ते लक्षात आलंच नव्हतं. मावशींच्या आलं.