वाळूची कबुली

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांची आता नावनिशाणीही डोक्यात उरलेली नाही. खून विसरलो, दरोडे विसरलो. पण बुलढाणा जिल्ह्यात ठाणेदार असताना एका बंद पडलेल्या मोटारीपायी जो तपास केला, तो बारीकसारीक गोष्टींसकट अजून लक्षात आहे. त्यातली माणसं फार भली होती, म्हणून कोणाचं नाव घेत नाही.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा आणि पेट्रोल अजून कुपनावर मिळायचं. माझं ठाणं अमडापुरात होतं. तिथल्या एका पाटील घराण्यात बैलांच्या कोठ्याला लागून एक खोली होती आणि तिच्यात एक विलायती मोटार उभी होती. दोनच माणसांची, उघडी, लांब नाकाची, शर्यतीच्या घडणीची. थोरल्या पाटलांनी कापसाच्या तेजीत हौसेनं आणलेली. खामगावच्या रस्त्यानं ती सुटली की बैल बुजायचे आणि पोरं मागे धावायची, असं जुने लोक सांगत. पुढे थोरले पाटील आजारी पडले, उपचाराला नागपूरला गेले आणि परतलेच नाहीत. मोटार जिथं होती तिथं राहिली.

त्यांचा मुलगा कॉलेज संपवून घरी आला आणि त्यानं ठरवलं, बापाची मोटार आपल्या हातानं चालू करायची. आयुष्यात हातानं केलेलं पहिलं काम हेच असलं पाहिजे, असं तो मला पुढे म्हणाला. वायरी बदलल्या, टाकी खरवडली, उंदरांनी खाल्लेल्या गाद्या गावच्या चांभाराकडून नव्यानं शिवून घेतल्या. शेवटी हँडल मारायची वेळ आली, तर ते तसूभरही हलेना. खामगावहून आणलेला मिस्त्री म्हणाला, हा साधा गंज नाही, आत कोणीतरी काहीतरी टाकलं आहे.

झालं, पोराचं डोकं फिरलं. संशय एकाच माणसावर होता, तो म्हणजे त्याचा सख्खा काका. घराचा कारभार धाकट्या पाटलांकडे होता आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची. लढाईत लोखंडाला भाव आला तेव्हा मोटार मोडीत काढू या, असं ते बोलून गेले होते आणि त्यावरून काका-पुतण्यात खटका उडाला होता. नुकसानीच्या असल्या आगळिकीची दखल पोलीस आपणहून घेत नाहीत. पण पोरगा शिकलेला. त्यानं थेट मॅजिस्ट्रेटकडून चौकशीचा हुकूम आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

मी पंच घेऊन खोलीचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, कौलं जागच्या जागी, भिंतीला भोक नाही. मोटारीवर हात फिरवायचा मोह मलाही आवरला नाही. माझं सरकारी वाहन म्हणजे एक करकरणारी सायकल, तेव्हा माझं फार चुकलं असं वाटत नाही. इंजिनाच्या डोक्यावर पितळेच्या चार इवल्याशा वाट्या होत्या, प्रत्येकीखाली एक चिमुकली तोटी. थंडीत इंजिन लवकर पेटावं म्हणून त्यातून पेट्रोल सोडायचं असतं, असं मिस्त्रीनं सांगितलं. वाट्या लखलखीत होत्या आणि कडेला हळदकुंकू लागलेलं होतं. दसऱ्याला वऱ्हाडात नांगराचीसुद्धा पूजा होते, म्हणून मी ते नुसतं लिहून घेतलं.

दोन दिवसांनी आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. दर दसऱ्याला धाकटे पाटील त्या खोलीचं कुलूप काढतात आणि दार लोटून बाहेर उभे राहतात. गड्यांना जवळ येऊ देत नाहीत. मग पुन्हा कुलूप लावतात. बातमी पक्की होती, पण मला ती अर्धीच वाटली. स्वतः काही वाईट करणारा माणूस दारात पहारा देत उभा राहत नाही, आत जातो.

धाकट्या पाटलांना ठाण्यात बोलावलं. मोठ्या घरचा माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला. ते काही बोलेनात. मी आडून विचारलं, समोरून विचारलं, थोडा आवाजही चढवला. ते आपले भिंतीवरच्या बेड्यांकडे बघत बसले. शेवटी मी सहज म्हणालो की, आता घरातल्या बायकांचे जबाब घ्यावे लागतील, उद्या पोराच्या आईकडे, तुमच्या वहिनीसाहेबांकडे येतो.

ते ताडकन सरळ बसले. म्हणाले, "मीच केलं. वाळू टाकली इंजनात. लिहा."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण गावात मात्र धावत सुटते. माझ्या हवालदारानं की पंचानं, कोणी फोडली देव जाणे. भावाच्या मागं भावाच्या मोटारीत वाळू घालणारा माणूस, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी ते बाजारपेठेतून गेले तर ओट्यांवरची माणसं तोंड फिरवून बसली. ज्यांचा शब्द दोन भावांच्या शेतांमधले धुरे ठरवायचा, त्यांना कोणी रामराम घालीना.

मला मात्र ती कबुली पचत नव्हती. इतकं घट्ट तोंड बायकांचं नाव काढताच कसं उघडलं? मी पंचांसमोर इंजिन उघडून घेतलं. मिस्त्रीनं डोकं उचललं आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. वाळूचा एक कण नव्हता. चारही पिस्टन तांबूस, कडक, डिंकासारख्या थरानं जागच्या जागी चिकटले होते. मी नखानं खरवडलं, नाकाशी नेलं आणि ओळखलं. ठाण्यात दरवर्षी आम्ही लाठ्यांना जवसाचं तेल पाजायचो आणि उन्हात ठेवायचो. ते वाळलं की असाच काचेसारखा थर चढतो. त्या वाट्यांमधून कोणीतरी वर्षानुवर्षं थोडं थोडं जवसाचं तेल सोडत आलं होतं. आणि वाट्यांवर हळदकुंकू होतं.

मी धाकट्या पाटलांना एकटं गाठलं, त्यांच्याच मळ्यात, विहिरीवर. म्हणालो, वाळू नाही सापडली, तेल सापडलं. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला.

मग सगळं कळलं. नागपूरला जाण्याआधी थोरल्यांनी त्या वाट्यांत डब्यातलं मोटारीचं तेल सोडलं होतं आणि बायकोला दाखवून ठेवलं होतं की, मी येईपर्यंत अधूनमधून असं घालत जा, म्हणजे इंजिन आतून गंजून धरणार नाही. ते आले नाहीत. डबा संपला. तिनं घरातलं तेल घेतलं. तान्ह्या मुलाची टाळू भरावी तशी ती दर दसऱ्याला मोटारीची टाळू भरत आली. विधवा बाई नवऱ्याच्या मोटारीची पूजा करते म्हणून कोणी तोंड वाकडं करू नये, यासाठी दीर दारात उभा राहायचा. त्या तेलानं इंजिन जाम होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. मिस्त्री बोलला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"दादा गेला, तवा वहिनीपाशी एवढंच काम राह्यलं होतं त्याचं," ते म्हणाले. "तेच तिच्या हातानं बिघडलं, हे तिले कोणी सांगू नका, साहेब. गावात माह्यं जे व्हायचं ते होऊ द्या."

मला गलबलून आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. मी पोराला बोलावून खरं सांगितलं. तो ओंजळीत तोंड लपवून रडला, घरी जाऊन काकाच्या पाया पडला आणि अर्ज मागे घेतला. आम्हा तिघांचं ठरलं की आईला काही कळू द्यायचं नाही. अहवालात मी 'कारण अज्ञात' एवढंच लिहिणार होतो.

पण अहवाल जायच्या आधीच एका सकाळी ठाण्यापुढे पाटलांची दमणी येऊन थांबली. तिला जुंपलेले खिल्लारी बैल सगळा गाव ओळखायचा. दमणीतून वहिनीसाहेब उतरल्या. त्या घरची बाई ठाण्याची पायरी चढल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. हवालदाराला कुठे पाहावं ते कळेना, तो दप्तर आवरू लागला. डोक्यावरचा पदर सावरून त्या माझ्यासमोर बसल्या. आदल्या दिवशी पोरगा अंगणात सोड्याच्या गरम पाण्यात पिस्टन घासत होता, त्या तेलाचा वास घरात आला आणि तो त्यांच्या हाताच्या ओळखीचा होता. मग त्यांनी पोराकडून सगळं काढून घेतलं होतं.

"त्या वाट्याईत तेल मी टाकलं," त्या म्हणाल्या. "मी ह्या घरात आली तवा माह्या दिराले धड धोतर नेसता येत नव्हतं. त्यानं वाळू टाकली म्हणून गाव बोलून राह्यलं. तुम्ही तिघांनी मिळून मले वाचवलं, साहेब. पण त्याले कोण वाचवन?"

मी कागद पुढे ओढला. त्यांचा जबाब शब्दन्‌शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, त्यांनी अंगठा दिला. नुकसान झालं, पण हेतू वाईट नव्हता, सबब गुन्हा नाही, असा खरा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे गेला. पण गाव काही अहवाल वाचत नाही, आणि हे त्या माउलीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मोटार चालू झाली ती बाजाराच्या दिवशी. मी बंदोबस्ताला चौकात उभा होतो. पांढरा धूर सोडत, खोकत, फटफटत ती आली. पोरगा चक्रावर आणि शेजारी काका. पोरगा आईलाच बसवायला निघाला होता. पण ती म्हणाली होती, मी घरी राहिले तरी चालेल, बाजारातून आज त्यानं गेलं पाहिजे. आणि मोटारीत तेल कोणाच्या हातानं गेलं, हे तिनं पहाटेपासून पाणवठ्यावर, देवळात, ज्या त्या बाईला स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलं होतं. ओट्यांवरची माणसं उठली. एकानं रामराम घातला, मग सगळ्यांनी घातला. धाकटे पाटील दोन्ही हात जोडून बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात सोडत नव्हते.

बाजार संपला तिथं त्यांनी मोटार वळवायला लावली आणि घरापुढे नेली; गर्दीबरोबर मीही मागोमाग गेलो. स्वतः खाली उतरले, वहिनीला हाताला धरून बसवलं आणि मोटारीपुढे चालत निघाले, लग्नाच्या वरातीत घरचा माणूस वाट करून देत चालतो तसे. तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या बोलण्यातून मला कळलं की इतकी वर्षं त्या मोटारीची टाळू भरणारी ही बाई आजवर तिच्यात एकदाही बसली नव्हती.

पुढे नोकरीत कबुल्या पुष्कळ ऐकल्या. समोरचा माणूस 'मीच केलं' म्हणाला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि त्याच्या घरी कोण कोण आहे ते आधी विचारायचो. नवे अधिकारी हसायचे. मला मात्र दर वेळी बाजारातून हात जोडून जाणारा तो माणूस दिसायचा, आणि वाटायचं, या समोरच्यालाही कोणी तरी ठाण्याची पायरी चढून न्यायला आलं पाहिजे.