शंखाला गोडं पाणी

समुद्र आपल्या मालकीचा नाही, हे आमच्या काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

धाराशिवला त्यांचा नवा बंगला झाला होता, वास्तुशांत तोंडावर आली होती, आणि देवघरात समुद्रातून स्वतःच्या हातानं काढलेलाच शंख पाहिजे होता. म्हणून त्यांनी आई-वडिलांना आणि मला जीपमध्ये कोंबून कोकणात नेलं. शंख तुळजापुरात मंदिराच्या रस्त्याला ढिगानं मिळतात. पण विकतच्या शंखाची फुशारकी पाहुण्यांपुढं मारता येत नाही.

ओहोटी लागली. पाणी मागं सरलं आणि खडकांमधली डबकी उघडी पडली. आई समुद्र पहिल्यांदाच बघत होती. पदर खोचून ती डबक्याशी बसली. दगडाला घट्ट धरून बसलेल्या शिंपा, बोटाएवढे मासे, हात लावला की मिटणारं फुलासारखं काहीतरी.

"हे सगळं जित्तं हाय गं," ती हळूच म्हणाली.

काका मागून म्हणाले, "पाणी हटल्यावर एवढ्या जागंत काय हरभरा आला असता." धरण ओसरलं की गाळात हरभरा पेरतात, ते कष्ट करणारे लोक. काका त्यांना बियाणं विकतात, तेही उगवलं तर उगवलं.

तेवढ्यात त्यांना मुठीएवढा शंख दिसला. तो चालत होता. त्यांनी उचलला तसे पाय आत गेले.

"काका, आत खेकडा आहे. ठेवा खाली."

"निघंल की. त्याचं काय सोताचं घर हाय का? भाडेकरू त्यो."

"मासे शिजतात म्हणून तुम्ही सकाळी हॉटेलात चहासुद्धा घेतला नाही."

"खाणं येगळं, देवाचं काम येगळं. प्राणी वाचवा म्हणून पत्रकं वाटून अक्कल येत न्हाय."

शंख त्यांनी चटणीच्या रिकाम्या डब्यात टाकला, कोरडाच, आणि डबा आईकडं दिला. मी आणि वडील जीपमधून भाकरी घेऊन आलो तेव्हा आई समाधानानं डब्यात बघत होती.

"तहानलं असंल बिचारं, एवढ्या खारट पाण्यात. आपलं गोडं पाणी पाजलं त्याला."

घरून आणलेली बाटली तिनं अख्खी ओतली होती. टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या बाईला याहून मोठं दान सुचणार कसं? मला सांगावंच लागलं की त्याला ते सोसत नाही. तिनं पाणी फेकलं, धावत जाऊन डबक्यातलं भरलं. खेकडा अर्धा बाहेर लोंबत होता. पाय हलेनात.

"बरं झालं," काका भाकरी मोडत म्हणाले. "आपसूक सुटलं."

बाहेरचे पाय त्यांनी तोडले. आतलं आतच राहिलं.

वास्तुशांतीला देवघरातून वास सुटला. काकांनी उदबत्त्यांवर उदबत्त्या लावल्या. पूजेला आलेल्या स्वामींनी उपरणं नाकाला धरलं. काका मात्र पाहुण्यांना सांगत होते, छातीएवढ्या पाण्यात उतरलो, लाटंनं दोनदा पाडलं. डबकं घोट्याएवढं होतं. पाहुणे माना डोलवत होते. जेवण अजून व्हायचं होतं.

आई उठली, देवघरात गेली आणि शंख घेऊन बाहेर आली. दिरापुढं चारचौघांत ती कधी बोललेली नव्हती.

"वहिनी, पूजा व्हायचीय अजून."

"मयत घरात ठिवून कसली पूजा, भाऊजी?"

कुंपणापाशी नव्या लावलेल्या बेलाखाली तिनं खुरप्यानं खड्डा केला. आमच्यात मयत जाळत नाहीत, पुरतात, भस्म घालतात, मीठ घालतात. भस्म तिनं चिमूटभर घातलं. मीठ मात्र आचाऱ्याकडून पातेलंभर आणलं होतं. ओंजळीमागून ओंजळ ओतत राहिली. शंख दिसेनासा झाला तरी थांबली नाही.

"बास की आता," वडील म्हणाले.

"त्याला लागतं," आई म्हणाली, आणि उरलेलं मीठही ओतलं.