मंडळात दिलेला सल्ला

एकाहत्तरचे युद्ध सुरू झाले त्या डिसेंबरातला पहिला शनिवार: फोरमन. दुसऱ्या दिवशीचा रविवार: वकीलसाहेब. पुढल्या वर्षीचा मे महिना: बडतर्फीच्या पत्रावर सही करणारा अधिकारी. सर्वाधिक दोष मी मधल्याला देतो.

माझा थोरला भाऊ जबलपुरातल्या एका कारखान्यात धातू दाबणाऱ्या प्रेसवर होता. लढाईच्या तयारीमुळे बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. काम अडते म्हणून फोरमनने यंत्राची संरक्षक जाळी काढायला लावली, आणि त्या शनिवारी भावाच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. चूक आपलीच, असे भावाने लिहून द्यावे, ही फोरमनची मागणी.

नेपियर टाउनमधले वकीलसाहेब दर रविवारी आमच्या मराठी मंडळात येत. चहा घेता घेता लोक अडचणी विचारत, ते उपाय सांगत. आपल्या माणसाकडून फी घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. आपल्या माणसाकडून सल्ला लेखी मागणे आम्हाला. कायद्याची पुस्तके वाचणाऱ्या मीही ते मागितले नाही.

"काहून घाबरून राहिला? सही करू दे त्याला," मी भावाचे सांगितल्यावर ते म्हणाले. "लढाईत तक्रार केली तर देशद्रोही ठरवतील. हलकं काम देतील, चलो."

"आणि काढून टाकलं तर, काका?"

"मी बसलोय ना इथं."

हा निरोप इस्पितळात मीच नेला. सोमवारी फोरमन कागद घेऊन आला. भावाने माझ्याकडे पाहिले, मी होकारार्थी मान हलवली, आणि त्याने डाव्या हाताने सही केली.

मे महिन्यात त्याच सहीच्या आधारे, स्वतःच्या निष्काळजीपणाने कामास अपात्र झाला म्हणून, त्याला काढले. मी वकीलसाहेबांकडे साक्ष मागायला गेलो.

"तो सल्ला नव्हता रे, मंडळातलं बोलणं होतं. तू काय माझा पक्षकार होतास?"

जाणकाराने आपल्या विद्येच्या बळावर सांगावे आणि अडलेल्याने त्या भरवशावर वागावे, याला सल्ला म्हणतात. बैठकीची जागा आणि चहाचा कप त्याचे स्वरूप बदलत नाहीत. वैद्याने रस्त्यात सांगितलेले औषध बाधले, तर ते औषधच नव्हते असे म्हणता येईल काय?

वकीलसाहेबांना लिहिलेल्या माझ्या पाच पत्रांना उत्तर नाही. निष्काळजी हा शिक्का भावावर आजही आहे, आणि आता भाऊही तो खरा मानू लागला आहे. वकीलसाहेब सध्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. येत्या वार्षिक सभेत मी भावाला पहिल्या रांगेत बसवणार आहे. त्याच्याकडे पाहून, सर्वांसमक्ष त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: सही करायला तुम्ही वकील म्हणून सांगितले होते की नाही?