फरकांची बेरीज

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी पुण्यात क्ष-किरणांच्या मदतीनं स्फटिकातल्या अणूंच्या जागा शोधत होतो. घरी फैजपूरला एवढंच कळलं होतं की पोरगा फिल्मवरचे काळे ठिपके मोजतो. ते खरंच होतं. कुठला ठिपका किती काळा, हे नमुन्याच्या पट्टीशी डोळ्यांनी ताडून लिहायचं. मग आपण अणू जसे मांडलेत त्यावरून तो किती काळा यायला हवा होता, ते गणितानं काढायचं. दोन आकड्यांतला फरक जितका कमी, तितकी मांडणी खरी.

त्या मे महिन्यात मी वह्यांची पेटी घेऊनच घरी आलो. फरकाचं प्रमाण शंभरात विसाच्या खाली आलं तर लेख धाडू, नाहीतर मांडणी मोडून पहिल्यापासून, असं पुण्यात मला संशोधन शिकवणाऱ्या गुरुजींनी बजावलं होतं. दोन वर्षं आधीच गेली होती.

अक्का माहेरपणाला आली होती. शिक्षण मराठी सातवी, पण आकडेमोडीत माझ्या दुप्पट वेगाची. मी आकडे वाचायचे, तिनं वजाबाकी करून जास्त की उणं ते लिहायचं, असं तीन दुपारी ओट्यावर चाललं. चौथ्या दुपारी मी फरकांची बेरीज केली, भागाकार केला. शंभरात एकसुद्धा नाही. इतकी नेमकी मांडणी जगात कुणाला जमली नसेल, अशी माझी खात्री झाली. आईला शिरा करायला सांगून मी गुरुजींना पोस्टकार्ड लिहायला बसलो. लिहूनही टाकलं.

तेवढ्यात वडील, आमचे आबा, केळीच्या बागेतून आले. घड झाडावर असतानाच त्याचं वजन सांगायचं, हा आबांचा अभिमान. काट्यावरचं एकूण वजन त्यांच्या अंदाजाला चिकटायचं खरं, पण एकेकटा घड कधी जुळायचा नाही. एक तीन शेर जड, तर दुसरा तीन शेर हलका. आजही एकूण जुळलं, असं ते मिशीत हसत सांगत होते.

अक्कानं ते ऐकलं आणि माझी वही ओढून घेतली.

"भाऊ, तुह्यंही आबासारखंच झालं," ती म्हणाली. "हा ठिपका बारानं जास्त, हा बारानं कमी. दोन्ही चुकले, अन् तू म्हणतो काहीच चुकलं नही."

मी तिला समजावायला वही पुढे ओढली, तेव्हा चूक मलाच दिसली. फरक जास्त-उणं न बघता मिळवायचे असतात, हे मीच कॉलेजात नव्या पोरांना शिकवत असे. शिवाय मोजलेले आणि गणितानं काढलेले, अशा दोन्ही रकान्यांच्या बेरजा सारख्या याव्यात म्हणून आकडे एका पटीत मीच आणले होते. मग जास्त-उणं फिटून शून्य येणार नाही तर काय होणार?

अक्कानं पुन्हा बेरीज मांडली. शंभरात चाळीसच्या वर.

"पण एकूण जमलं ना?" आबांनी विचारलं.

शिरा झाला होता, तो खाल्ला. जुनं कार्ड अक्कानं चुलीत घातलं. समोर बसून नवं लिहून घेतलं, खऱ्या आकड्याचं. ऑक्सिजनचा एक अणू मी भलत्याच जागी बसवला होता, हे सापडायला पुढे दिवाळी उजाडली. ते नवं कार्ड टपालपेटीत टाकायला मात्र तिनं माझ्या हाती दिलं नाही. ती स्वतः उन्हात पोस्टापर्यंत गेली.